चार दिवसांची गोधडी

कुंदाबाईनं साडी बादलीतून वर काढली, पिळली, दोन टोकं धरून जोरात झटकली आणि तोंडावर उडालेले थेंब खांद्याला पुसले. जानेवारीतलं पाणी बोटं आखडून टाकत होतं. साडी अबोली रंगाची, काठाला बारीक पोपटी रेघ. ती तिनं दोरीच्या पुढच्या टोकाला, गल्लीतून जाणाऱ्याला सगळ्यांत आधी दिसेल अशी पसरली, काठाला काठ जुळवला आणि तीन चिमटे लावले. शेजारी त्याच रंगाचं पोलकं उलटं करून टांगलं. झालं. सून घरात आहे.

साडी मळलेली नव्हती. ती कुणी नेसलेलीच नव्हती. वरच्या खोलीतल्या कपाटातून काढून, घडी मोडून, जराशी चुरगळून कुंदाबाईनं ती बादलीत बुडवली होती. गेले चार महिने हेच चाललं होतं. कपाटात सुनेच्या, दिपमालाच्या सात साड्या आणि चार ड्रेस राहिले होते. एकच साडी लागोपाठ दोनदा दिसू द्यायची नाही, थंडीत एखादा स्वेटर टाकायचा, आठवड्यातून एकदा टॉवेल आणि उशीचा अभ्राही. कुंदाबाई शाळेत जेमतेम चौथीपर्यंत गेलेली. पण या कामात तिची चूक काढायची कुणाची टाप नव्हती, असं तिला वाटत होतं.

दोरी म्हणायची, खरं तर ती तार होती. तारेचा गंज कपड्यांना लागतो म्हणून तिच्या नवऱ्यानं, कौतिकनं, शेतातली ठिबकची जुनी काळी नळी तिच्यावर ओवून घेतली होती. असोदा गावात निम्म्या घरांपुढं अशाच नळ्या ताणलेल्या असतात. मागच्या टोकाला कौतिकचे कपडे, केळीच्या चिकानं डागाळलेले, कितीही घासले तरी काळे ते काळेच. मग मुलाची, हेमराजची, कंपनीची निळी पँट आणि शर्ट. मग कुंदाबाईची साडी. आणि पुढं सुनेचं. सहा वर्षं हाच क्रम. गल्लीतल्या निम्म्या बायांना पेपर वाचता येत नसेल, पण दोरी सगळ्यांना वाचता येत होती. कुणाकडं पाहुणे उतरलेत, कुणाचं तान्हं जुलाबानं बेजार आहे, कुणाचा पोरगा सुरतेहून आलाय, हे कुणाला तोंडानं विचारावं लागत नव्हतं.

आणि दिपमाला तशीही गल्लीत दिसायची कमीच. जळगावला साडीच्या दुकानात ती कामाला होती. सकाळी हेमराजच्या मोटरसायकलवर मागं बसून जायची, डोळे सोडून सगळं तोंड स्कार्फात गुंडाळलेलं, आणि परत यायची दिवे लागल्यावर. त्यांची खोली वरची, तिचा जिना बाहेरून. त्यात कापूस वेचणीचे दिवस. बाया उजाडता रानात गेलेल्या. कुणी विचारलंच, तर ‘लग्नसराई हाये, दुकानात गर्दी राह्यते’ एवढं पुरून जात होतं.

कुंदाबाई हे गल्लीच्या भीतीनं करत होती असं नाही. गल्ली काय, चार दिवस बोलते आणि पाचव्या दिवशी दुसऱ्या घराकडं वळते. तिला भीती होती ती वेगळीच. सासर सोडून गेलेली बाई असं एकदा नाव पडलं, की दिपमाला कोणत्या तोंडानं या गल्लीत पाय ठेवणार? म्हणून दार नुसतं लोटून ठेवायचं, कडी घालायची नाही. एखाद्या दिवशी ती माहेराहून, चाळीसगावहून येईल, स्टँडवर उतरेल, जिना चढून वर जाईल. आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर जी साडी दिसेल ती खरोखर नेसलेली असेल. कुणाला काही कळायचंही नाही. चार महिने कुंदाबाई या एका गोष्टीवर जगत होती.

“कुंदे.”

शेजारच्या भिंतीवरून बेबाबाईचं डोकं वर आलं. दोन घरांमधली भिंत छातीएवढी, आणि बेबाबाई बुटकी; म्हणजे ती पलीकडं पाट्यावर चढून उभी होती. पाट्यावर चढून बोलायचं म्हणजे कारण मोठं असणार.

“काय वं अक्का?”

“माह्यापासून बी लपवतं का आता?”

कुंदाबाईच्या हातातला चिमटा खाली पडला. तो उचलायला ती वाकली आणि मुद्दामच वाकलेली राहिली.

“मी महिना-महिना पाहून राह्यली,” बेबाबाई म्हणाली. आवाज खाली आणला होता, पण त्यातला आनंद काही खाली येत नव्हता. “चार महिने झाले, तुह्या दोरीवर गोधडी नही आली. मी कोनाले बोलली नही. म्हटलं, कुंदा सांगीन तव्हा सांगीन. पन आता पाचवा लागला असन ना वं?”

कुंदाबाईला समजायला वेळ लागला. गोधडी! गोधडी ती विसरलीच होती.

बाजूला बसायची रीत या घरात तिच्या सासूच्या वेळेपासूनची. आता त्यातलं फारसं उरलं नव्हतं. दिपमाला त्या दिवसांत नोकरीलाही जायची आणि चुलीपाशीही यायची. पण चार दिवस ती खाली ओसरीत वेगळ्या गोधडीवर झोपायची आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती गोधडी धुऊन टाकायची. कुंदाबाईच्या जुन्या लुगड्यांची, हिरव्या काठाची गोधडी. भिजली की इतकी जड व्हायची की दोघींनी दोन टोकं धरून पिळावी लागे. चिमट्यात ती मावत नसे. दोरीवर आडवी टाकली की बाकीच्या कपड्यांना जागा उरत नसे. म्हणजे महिन्यातून एक दिवस सगळ्या गल्लीला कळायचं, की या महिन्यातही नाही.

आणि सगळ्यांत आधी कळायचं कुंदाबाईला. सहा वर्षं ती त्या दोरीकडं बघत आली होती. पहिली दोन वर्षं काही बोलली नाही. मग बोलायला लागली. नंतर बोलायचीही गरज राहिली नाही. गोधडी पिळताना तिचं तोंड बघितलं की दिपमालाला कळत होतं. आता सुनेच्या साड्या, पोलकी, रुमाल, सगळं सगळं तिनं आठवणीनं दोरीवर आणलं होतं. आणि जी वस्तू इतकी वर्षं डोळ्यांत सलली, ती नेमकी तिच्या मनानं गाळून टाकली होती.

“आता समजलं, हेमराजच्या गाडीवर काऊन नही दिसत ते,” बेबाबाई म्हणत होती. “बसनं जात असन. बरं केलं. त्या रस्त्यानं गाडीवर बसू देऊच नको तिले. रविवारी आमी चौघी जनी येतो. चोरओटी भरू. गाजावाजा काहीच नही, कोनाले कळू द्यायचं नही.”

चोरओटी म्हणजे पाचव्या महिन्यात दृष्ट लागू नये म्हणून गुपचूप भरलेली ओटी. आणि बेबाबाईनं गुपचूप करायचं ठरवलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत तिन्ही आळ्यांना ठाऊक होणार, यात शंका नव्हती. ‘नाही’ म्हणायला कुंदाबाईनं तोंड उघडलं. पण तोंडातून शब्द यायच्या आधी चेहऱ्यावर हसू आलं. तिनं ते आणलं नव्हतं. ते आपलं आपण आलं, आणि बेबाबाईला तेवढं पुरलं. ती पाट्यावरून खाली उतरली.

खरं सांगायचं तर तो एक दिवस कुंदाबाईनं सुखात काढला. खोटं आहे हे ठाऊक असून. दुपारी गहू निवडता निवडता तिच्या मनात येऊन गेलं, की जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवायला काढली पाहिजेत. मग ती स्वतःवरच चिडली आणि सुपातले खडे जोरानं अंगणात फेकले.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला आणि मुलाला सांगितलं. हेमराजचा घास हातातच राहिला.

“आई, काय करून ठेवलं हे?”

“मी काही बोललीच नही. त्यांनीच ठरवलं.”

“सांगून टाक,” कौतिक म्हणाला. त्याचं बोलणं नेहमीच असं, एका दमात संपणारं. “लपवून काय होनार हाये?”

“ती आली म्हंजे?”

“ती येणार नाही आई,” हेमराज ताटाकडं बघत म्हणाला. “परवा बोलणं झालं. तिला सोडचिठ्ठी पाहिजे. मी देतो म्हटलं.”

कुंदाबाईनं भाकरी त्याच्या ताटात ठेवली. तिच्या तोंडून निघून गेलं, “तू डाक्तरकडं काऊन नही गेला रे?”

हेमराज उठला. हात धुवायला मोरीत गेला तो बाहेर यायला बराच वेळ लागला. दिपमालाच्या सगळ्या तपासण्या झाल्या होत्या. काही दोष नाही, आता मिस्टरांना घेऊन या, असं जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं त्यालाही तीन वर्षं होऊन गेली होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुंदाबाईलाही ठाऊक होतं. तरी दर महिन्याला ती बघायची सुनेकडंच.

भाद्रपदातला तो दिवस तिला विसरता येत नव्हता. दोघी गोधडीची दोन टोकं धरून पीळ देत होत्या. पाणी निथळत होतं. “आली का परत?” कुंदाबाई म्हणाली होती. रागानं नाही, नेहमीसारखीच. दिपमालानं तिच्या हातातलं टोक सोडून दिलं. पीळ उलगडत गेला आणि ओली गोधडी मातीत पडली. “आई, सहा वर्षांत तुम्ही माझ्याकडं बघितलंच नाही,” ती म्हणाली, “दोरीकडंच बघितलं.” आणि वर गेली. तिसऱ्या प्रहरी एक बॅग घेऊन खाली उतरली, तेव्हा कुंदाबाई मातीत भरलेली गोधडी पुन्हा धुवत बसली होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हा वर केली असती तर! हे ‘तर’ तिला चार महिने पुरलं होतं.

शुक्रवारी सकाळी तिनं माळ्यावरून गोधडी काढली.

तिचा विचार सरळ होता. गोधडी दोरीवर आली की गल्ली समजेल, तसं काही नाही, बेबाबाईचा आपला अंदाज चुकला. रविवारची ओटी आपोआप टळेल. खोटं बोलावं लागणार नाही, खरंही सांगावं लागणार नाही. साड्या पुन्हा पहिल्यासारख्या वाळत राहतील आणि दार लोटलेलं राहील.

धुणं एक वेळ सोपं होतं. पिळायला दुसरं माणूस नव्हतं. तिनं गोधडीचं एक टोक ओसरीच्या खांबाला गुंडाळून बांधलं आणि दुसरं धरून एकटीच पीळ देऊ लागली. हात भरून आले, मनगटं दुखली, तरी अर्धं पाणी आतच राहिलं. तशीच पाणी गळणारी गोधडी तिनं खांद्यावर घेतली, पोलकं पाठीपर्यंत भिजलं, आणि कशीबशी दोरीवर लोटली. नळी खाली वाकली. गोधडीचा हिरवा काठ जमिनीपासून वीतभर वर येऊन थांबला.

गल्लीतून धुरपदाबाई चालली होती, विळा घेऊन, गवताला. ती दारासमोर थबकली. गोधडीकडं बघितलं, कुंदाबाईकडं बघितलं, आणि आली तशी मागं फिरली.

थोड्या वेळानं बेबाबाई आली. भिंतीवरून डोकावली नाही. वळसा घालून, दारातून आली. डोक्यावर पदर घेतलेला, पायात चप्पल नाही. मागं धुरपदाबाई, विळा कुठंतरी ठेवून आलेली. दोघी ओसरीवर बसल्या. अशा बसण्याला काय म्हणतात ते कुंदाबाईला चांगलं ठाऊक होतं. तीही किती घरी अशी जाऊन बसली होती.

“कधी झालं?” बेबाबाईनं विचारलं.

“काय?”

“माय माय,” धुरपदाबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

बेबाबाईनं कुंदाबाईचा ओला हात आपल्या हातात घेतला. “सहा वर्सांनी देवानं देलं आन् असं नेलं. पाचवा लागला व्हता वं. जळगावले नेलं व्हतं का तिले?”

तेव्हा कुंदाबाईला कळलं. गल्लीनं चार महिन्यांचं एक पोर मनात धरलं होतं, आणि आज दोरीवर तिनं ते गेल्याचं सांगितलं होतं. नाही, असं काही नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या एका ‘नाही’मागं बाकीचं सगळं यायला लागलं असतं. साड्या, रिकामी खोली, चाळीसगाव, भाद्रपदातली माती. तिनं मान हलवली. ती होय म्हणून हलली की नाही म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

“रडून घे,” बेबाबाई म्हणाली. “आत ठेवू नको.”

आणि कुंदाबाई रडली. सून गेली त्या दिवशी रडली नव्हती, नंतर एकदाही नाही. रडायला कुणी विचारायला हवं, आणि कुणाला काही ठाऊकच नव्हतं. आता बेबाबाईच्या मांडीवर डोकं ठेवून, साठीला आलेली ही बाई लहान पोरीसारखी हुंदके देत होती. नसलेल्या नातवासाठी नव्हे, हे तिला कळत होतं. पण ज्याच्यासाठी होतं त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

“सून कुठी हाये?” धुरपदाबाईनं विचारलं.

“वर,” कुंदाबाई म्हणाली. “गोळ्या देल्या डाक्तरनं. झोपली हाये.”

धुरपदाबाई उठून जिन्याकडं निघाली. पहिल्या पायरीवर तिचा पाय पडला तेव्हा कुंदाबाईचं रडणं एकदम थांबलं. पण बेबाबाईनंच हाक मारली.

“नको जाऊ वर. बाया गेल्या का तिले पुन्हा पुन्हा तेच सांगनं पडते. निजू दे लेकराले.”

लेकराला! कुंदाबाईनं सहा वर्षांत सुनेला या शब्दानं कधी हाक मारली नव्हती.

गोधडी दिवसभर वाळली नाही. ऊन उतरल्यावर तिचा ओलसर काठ चाचपत कुंदाबाई उभी होती तेव्हा कमरेला खोचलेला फोन वाजला. पडद्यावर दिपमालाचा फोटो आला. चार महिन्यांत पहिल्यांदा.

“आई, सुलक्षणाचा फोन आला होता.”

सुलक्षणा म्हणजे बेबाबाईची सून. तिचं बाळ दोन महिन्यांचं. तान्ह्या लेकराच्या आईनं असल्या घरी जायचं नसतं, म्हणून सासूसोबत ती आली नव्हती. फोन करायला कुणी मना केलं नव्हतं.

“ती रडत होती,” दिपमाला म्हणाली. “मनाला लावून घेऊ नको म्हणाली, पुढच्या वेळी नक्की होईल म्हणाली. मला आधी कळेचना ती कशाबद्दल बोलतेय.”

“दिपा, मी कोनाले काही नही सांगितलं. तुही शपथ. त्यांनी गोधडी पाह्यली आन्...”

“गोधडी?”

मग कुंदाबाईनं सांगितलं. पहिल्या दिवशी टाकलेल्या साडीपासून सगळं. सांगता सांगता तिला स्वतःलाच ते वेड्यासारखं वाटू लागलं, तरी ती थांबली नाही. दिपमालाच्या वडिलांचं क्वार्टर रेल्वेलाईनला लागून. एक मोठी गाडी धडधडत गेली, ती पूर्ण जाईपर्यंत दोघींना थांबावं लागलं.

“मग तू सुलक्षणाले काय सांगितलं?” कुंदाबाईनं विचारलं.

“हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? म्हणाले, बरी आहे, वर झोपले आहे.” मग ती म्हणाली, “सहा वर्षांत त्या गल्लीत माझ्यासाठी कुणी रडलं नव्हतं, आई.”

कुंदाबाई गोधडीचा ओला काठ पिळत राहिली.

“तुम्ही पण रडलात म्हणे.”

“हो.”

“कशासाठी?”

“तुह्यासाठी,” कुंदाबाई म्हणाली. एकदा तोंड उघडलं तसं बाकीचंही आलं. “तू ये दिपा. मी दोरी काढून टाकते. मागच्या अंगाले बांधू, नहीतर वर गच्चीवर. तू काय टाकते, काय नही, मी पाहनार नही. मी हेमराजले डाक्तरकडं नेते, त्याचा कान धरून नेते. तू फक्त ये.”

हे तिनं तीन वर्षांपूर्वी म्हणायचं होतं. तिलाही ते ऐकू आलं.

“नाही आई,” दिपमाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर कुंदाबाईनं धीर सोडला नसता. “आता तुम्ही असं करा. उद्या बेबाआजींना सांगा, आरामाला माहेरी गेली. सगळ्यांना पटेल. इतकं झाल्यावर कुणी लगेच विचारणार नाही. मग लांबेल, मग त्यांचं त्यांना समजेल. तुम्हाला कुणी बोल लावणार नाही.”

“आन् तू?”

“मी दुसरीकडं काम बघितलंय, नाशिकला.” ती म्हणाली. “माझ्या साड्या नका धुवू आता. उन्हानं रंग जातो. ती अबोली तेवढी जपून ठेवा, कधी कुणी आलं तर पाठवून द्या. माझ्या आईची आहे ती.”

फोन ठेवल्यावर कुंदाबाई वर गेली. अबोली साडी कपाटातून काढून तिनं खिडकीपाशी उलगडली. जिथं ती दोरीवर दुमडली जायची तिथं, बरोबर मधोमध, एक फिकट पट्टा पडला होता. बोटानं घासला म्हणून जाणारा नव्हता. तिनं पट्टा आत जाईल अशी घडी घातली आणि साडी सगळ्यांत खाली ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाक्य तयार ठेवलं होतं. ‘माहेरी गेली आरामाला. हेमराज सोडून आला.’ भांडी घासताना दोनदा म्हणून पाहिलं, जमत होतं. दिपमालानं सांगितलं ते खरंच होतं. इतकं सोपं, इतकं सभ्य. कुणाची मान खाली जाणार नव्हती. फक्त ते वाक्य एकदा म्हटलं, की लोटलेल्या दाराला कडी बसणार होती, आणि ती कुंदाबाईच्या हातानं.

ती दोरीपाशी आली तेवढ्यात बेबाबाई दारातून आत शिरली. पदराखाली स्टीलचा डबा, गरम, पदरात धरलेला.

“हळीवाची खीर हाये, गुळातली,” ती म्हणाली. “अंगात ताकद येते. उठली का?”

कुंदाबाईनं डबा घेतला. चटका बसला तरी सोडला नाही.

“ती माहे...” ती म्हणाली आणि थांबली. बेबाबाई मान वर करून तिच्या तोंडाकडं बघत होती. सत्तरीची बाई, पहाटे उठून चुलीपुढं बसून आली होती. तिच्या भुवईला राख लागली होती.

“नही उठली अजून,” कुंदाबाई म्हणाली. “झोपलीच हाये.”

“मंग गरम हाये तवर देऊन ये. मी थांबते खाली.”

कुंदाबाई जिना चढली. खोलीचं दार लोटलं, आत जाऊन पुन्हा लोटून घेतलं. हेमराज हल्ली खालीच झोपायचा. पलंगावरची चादर ताणलेली, आरशावर धूळ, खिडकीच्या दांडीला दिपमालाची एक टिकली चिकटलेली. ती पलंगाच्या कडेवर बसली आणि डब्याचं झाकण काढलं. वाफ आली. वर बेबाबाईनं दोन काजू टाकले होते, तिच्या घरातले, सुनेच्या बाळंतपणासाठी आणलेल्यातले असणार. टाकून देण्यासारखं अन्न नव्हतं ते. परत नेण्यासारखंही नव्हतं. चमचा नव्हता. कुंदाबाईनं दोन बोटांनी खीर खायला सुरुवात केली. गोड होती, चिकट, दाणा दाणा जिभेवर येत होता. ती सावकाश, एखाद्या आजारी माणसासारखी खात गेली आणि तळ दिसल्यावर बोटानं कडा पुसून तेही खाल्लं.

खाली येऊन तिनं डबा विसळला आणि बेबाबाईच्या हातात दिला.

“खाल्ली?”

“खाल्ली.”

“बठ्ठी? काहीच नही ठेवली?”

“बठ्ठी.”

बेबाबाईनं डब्यात डोकावून पाहिलं, आणि तिच्या तोंडावर समाधान पसरलं. “मंग उद्या बी आनते. बारा दिवस आनते, चांगली उभी राह्यते का नही पाह्य.”

कुंदाबाई बादलीकडं वळली. कौतिकचे डागाळलेले कपडे मागं, मग हेमराजची निळी पँट, मग तिची साडी. पुढचं टोक रिकामं राहिलं. हातात तीन चिमटे उरले होते; ते तिनं तिथंच, नुसत्या नळीवर, एकाशेजारी एक लावून टाकले.

“आन,” ती म्हणाली. “तिले आवडली.”